देवाजीचा उजवा पाय

दुखणं चार दिवसांचं असलं तर त्याचा एकच किस्सा होतो. ताप आला, काढा प्यायलो, ताप गेला, संपलं! आमचं शुगरचं दुखणं मात्र घरजावयासारखं. एकदा आलं की उठायचं नाव नाही. रोज त्याच्याशी बोला, रोज त्याचं करा, रोज त्याचे रुसवे काढा. असल्या दुखण्याचे किस्से साचत जातात, आणि मग माझ्यासारखा चौथी पास माणूस (तोही मास्तर कंटाळले म्हणून पास!) लिहायला बसतो.

हे सगळे किस्से नागपुरातल्या आमच्या संत्र्याच्या वखारीतले, सत्तर सालानंतरचे. मी तिथं लाकडी पेट्या ठोकायचो. मेश्राम बाबू पेट्यांवर काळ्या शाईनं गावांची नावं टाकायचे. देवाजी माल निवडायचा. आम्हा तिघांनाही शुगर! चौथ्या अनसूयाबाई, निवडणाऱ्या बायांच्या मुख्य. त्यांना शुगर नव्हती, पण आमच्या तिघांची मिळून डोकेदुखी होती.

हसायचं तर खुशाल हसा. पण एक आधीच सांगून ठेवतो. या सगळ्यात देवाजीचा उजवा पाय पणाला लागला होता, आणि तो लागण्यात माझाही हात होता.

*

देवाजी नरखेडकडचा, बागेतच वाढलेला. संत्रं नुसतं तळहातावर तोलून आत फोडी किती ते सांगायचा. मी सोलून मोजायचो. बरोबर निघायच्या! मी मुद्दाम एक फोड तोंडात टाकून म्हणायचो, "एक कमी हाये गा!" तो म्हणायचा, "मंग तोंड उघड."

एका मोसमात तो सारखा पाणी पिऊन राहिला होता, आणि सारखा मागच्या भिंतीकडे जाऊन राहिला होता. वखारीत मुंग्या नेहमीच्याच. पण एके सकाळी पाहतो तर काय, मुंग्यांची रांग गोड संत्र्यांच्या ढिगाला वळसा घालून थेट मागच्या भिंतीकडे चाललेली!

मी वखारभर ओरडलो, "शेठ! मुंग्यांनी आपला माल नापास केला! देवाजीचा पास!"

सगळे पोट धरून हसले. देवाजीही हसला. अनसूयाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी हातातली टोपली खाली ठेवली आणि म्हणाल्या, "देवाजी, उद्या दवाखान्यात जाय. आन् बबन, तू बी जाय. कालपासून माठ तूच रिकामा करून राहिला."

मी म्हटलं, "बाई, मी तं घोडा हावो!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यानं घोड्यालाही धरलं. मेश्राम बाबू तर फक्त इंग्रजी कागद वाचून द्यायला सोबत आले होते. "आलोच आहे तर माझीही करा," म्हणाले. सगळ्यात जास्त त्यांची निघाली!

*

डॉक्टर तरुण होते, हुशार होते, पण बोलायला मेल गाडी. आपलं स्टेशन येऊन गेल्यावर कळायचं की गाडी इथं थांबणार नव्हती. गोड बंद, गोळी दोनदा, पाय जपा, पुढच्या गुरुवारी या, पुढचा! देवाजी दारात उभा राहून मला विचारतो, "पायाचं काय म्हणे गा?"

मी म्हटलं, "पाया पड म्हणे."

तो खरंच परत आत गेला आणि डॉक्टरच्या पाया पडला!

डॉक्टर गांगरले. मी बाहेर भिंतीला टेकून हसत होतो. पण त्या गडबडीत 'पाय जपा' म्हणजे काय जपा, कशापासून जपा, हे विचारायचं राहून गेलं. तेव्हा मला ते आठवलंही नाही. नंतर मात्र फार आठवलं.

*

लघवी तपासायचं निळं औषध मेश्राम बाबूंनी आणलं होतं. काचेच्या नळीत औषध घ्यायचं, त्यात आपले आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम. हिरवं झालं तर ठीक. पिवळं झालं तर सांभाळा. नारिंगी, विटकरी झालं तर पळा दवाखान्यात! दर शनिवारी वखारीच्या मागं स्टोव्ह पेटायचा. अनसूयाबाईंनी त्या स्टोव्हला वाळीत टाकलं होतं. चहाचा स्टोव्ह वेगळा, त्याला राखणही वेगळी!

आम्ही आपल्या धंद्याची भाषा बोलायचो. "बाबू, तुमचा माल पाडाला आला!" "बबन, तुझा तर पिकून गळायला झाला!" वखारीत पिकलेल्याला भाव, आणि वखारीच्या मागं हिरव्याला. एवढाच काय तो फरक.

देवाजीचा नेहमी पिकलेला. बिचारा गोळ्या घ्यायचा, चहा बिनसाखरेचा प्यायचा, तरी नळी नारिंगी. एका शनिवारी त्याची बाटली मी गुपचूप पालथी केली आणि तिच्यात माठातलं पाणी भरलं. नळी उकळली. निळीची निळी! म्हटलं, आता याचं तोंड पाहू, मिनिटभर मजा घेऊ आणि सांगून टाकू.

पण देवाजीचे डोळे भरून आले. नळी घेऊन तो वखारभर फिरला. शेठना दाखवली, बायांना दाखवली, बाहेर हमालांनाही दाखवली. "बरं झालं गा माहं!" म्हणत होता. त्या तोंडाला मी काय सांगणार? सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी कळलं की त्यानं गोळ्या नालीत टाकल्या. मग तर मला सांगायचीच भीती वाटायला लागली!

नवव्या दिवशी देवाजी उभ्याउभ्या मालावर कोसळला. ओठ कोरडेठाक, श्वास भात्यासारखा.

टांग्यात त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मेश्राम बाबूंना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बबन, तुझ्या गमतीलाही आता केस पेपर लागला."

तिसऱ्या दिवशी देवाजी बोलायला लागला, तेव्हा मी खाटेजवळ जाऊन एका दमात सांगून टाकलं, "ते पाणी होतं गा."

तो छताकडे पाहत म्हणाला, "मले वाटलंच. माहं एवढं चांगलं कधी निघालंच नाही."

*

आता गोळ्या पुरणार नव्हत्या. रोज इन्सुलिनची सुई! सिस्टरनं काचेची सिरिंज उकळून आणली आणि शिकवायला देवाजीच्या हातात काय द्यावं? संत्रं!

"याच्यावर सवय करा. साल आपल्या कातडीसारखीच असते. टोचा."

देवाजीनं संत्रं तोललं, वास घेतला, देठ पाहिला. "सिस्टर, हे चांगलं हाये. दुसरं द्या."

सिस्टरनं दुसरं दिलं. "हे बी चांगलं हाये."

तिसऱ्याला सिस्टर चिडली. "अहो, टोचायचं आहे, खायचं नाही!"

देवाजी संत्रं तिच्या ट्रेमध्ये हळूच ठेवून म्हणाला, "तीस वर्षं मी टोचलेला माल बाजूले काढला, सिस्टर. टोचा लागला का दोन दिवसांत सडते. आन् एक सडलं का पेटी सडते. मले सुई नाही पाहिजे."

सिस्टर हसली. डॉक्टर वैतागले. कागदावर काहीतरी लिहिलं. मेश्राम बाबूंनी वाचून सांगितलं, "रोगी ऐकत नाही, असं लिहिलंय."

आणि रोगी सही करून घरी गेला!

*

आमच्या वखारीचा एक नियम होता. तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, माल पसरला की तिथं कुणाचीही चप्पल चालायची नाही. शेठसुद्धा दाराशी जोडे काढून यायचे. नियमाच्या राखणदार अनसूयाबाई. एकदा शेठचे नवे जावई बूट घालून आत आले, तर बाईंनी खराटा आडवा धरला. जावई म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" बाई म्हणाल्या, "जावई घरी. इथं संत्रं मोठं!" जावईबापू मोजे घालून फिरले, आणि संध्याकाळपर्यंत मोज्यांना चिकटलेलं तणस काढत बसले.

तर असे सगळे अनवाणी. एका दुपारी अनसूयाबाईंना तणसावर लाल डाग दिसले. एक, दोन, मग सगळीकडेच.

"कोनाचा पाय फुटला गा? पाहा आपापले तळवे!"

सगळ्यांनी पाय उचलून पाहिले. बगळ्यांची शाळा भरल्यासारखी! मी माझे पाहिले, बाबूंनी चष्मा लावून पाहिले. देवाजी काम करतच राहिला.

"देवाजी, तुहा पाय?"

"माहा नाही, बाई. मले कुठंच दुखत नाही."

बाईंनी त्याला खोक्यावर बसवलं आणि उजवा पाय वर धरला. माझ्याच पेटीचा खिळा होता, दीड इंची. टोपीपर्यंत आत!

सकाळपासून तो त्या खिळ्यावर चालला होता. मी पकडीनं खिळा ओढला, तेव्हा तो आमच्या तोंडांकडे पाहून विचारत होता, "काय झालं? असे काहून पाहून राहिले?"

त्या दिवशी पेट्या ठोकताना माझा हातोडा तीनदा बोटावर बसला. मला मात्र तिन्ही वेळा दुखलं. दुखतं याचं बरं वाटायची ती पहिलीच वेळ.

*

जखम आठ दिवसांत काळी पडली. वास यायला लागला. आम्ही देवाजीला उचलूनच दवाखान्यात घातलं. डॉक्टर म्हणाले, "आजपासून सुई घेतली तर पाय वाचवायचा प्रयत्न करतो. नाही घेतली तर गुडघ्यातून काढावा लागेल. जीवही जाईल."

देवाजी भिंतीकडे तोंड करून पडला. बाबूंनी तासभर समजावलं. मी घाबरवून पाहिलं. ढिम्म!

त्याच्या बायकोला, गिरजावहिनीला, यातलं काहीच माहीत नव्हतं. तो कोसळला तेव्हा ती माहेरी होती, आणि आल्यावर तिला त्यानं सांगितलं होतं की गोळ्या ताकदीच्या आहेत आणि पायाला ठेच लागली आहे. तिला आणायला मी निघालो.

"वहिनी, चला. देवाजीचा पाय कापून राहिले!"

वहिनी भाकरी थापता थापता हसली. "जा बाप्पा! मांगल्या पोळ्याले तुमीच सांगतलं होतं ना, त्यांले बैलानं मारलं म्हणून? मी धावत गेली तं हे पान खाऊन राहिले होते!"

"नाही वहिनी, खरं सांगतो."

"त्या टायमाले बी खरंच सांगत होते."

"वहिनी, आईची शपथ!"

"ते बी घेतली होती."

आता काय करू? तिकडे पाय चालला, आणि इकडे माझं खरं कुणी घेईना! जन्मभर ज्या तोंडानं मजा केली, ते तोंडच बाद झालं. मी चुलीसमोर बसून राहिलो. तव्यावर भाकरी करपत होती आणि मी नुसता तिच्याकडे पाहत होतो.

वहिनीनं माझ्या गप्प तोंडाकडे पाहिलं, तवा उतरवला आणि पदर खोचला. "चला."

*

वहिनी खाटेपाशी गेली. पायाकडे पाहिलं. रडली नाही, ओरडली नाही. एवढंच विचारलं, "सुई काहून नाही घेत तुमी?"

गंमत पाहा. इतके दिवस आम्ही सगळे 'घे, घे' म्हणत होतो. 'काहून' हा शब्द तिनंच काढला!

देवाजी भिंतीशीच बोलला, "टोचलेला माल सडते, गिरजा. खिळा लागला तं पाय सडला, पाह्यलं ना? हे तं रोज टोचाचं म्हणते. मंग मी पुरा सडतो, आन् माह्या मांगं तुमी."

डॉक्टर दारातच थबकले. हे कारण त्यांच्या कागदावर नव्हतं.

वहिनीचं माहेर रोपवाटिकेचं. जंभेरी लिंबाच्या खोडावर संत्र्याचा डोळा बांधून कलमं करायचा धंदा. ती स्टुलावर बसली. "अवो, तुमच्या वखारीतलं संत्रं तोडलेलं असते. ते टोचलं का सडनच. पण माह्या बाबाकडं जंभेरीच्या खोडांले चिरा कोन देत होतं? तुमीच ना?"

"मीच."

"त्यातलं किती सडलं?"

"खोड कायले सडन?"

"चिऱ्यात डोळा भरला, सुतळीनं बांधला, मंग?"

"मंग डोळा धरते."

"काहून धरते?"

देवाजीनं बोटानं भिंतीवर उभी रेघ ओढली. मग हळू म्हणाला, "मूळ जमिनीत असते म्हणून."

"मंग तुमी काय तोडलेले हा का?"

मी खोकलासुद्धा दाबून धरला. शेवटी देवाजीनं कूस बदलली, बाही वर केली आणि सिस्टरला म्हणाला, "या. पण चिरा उभा द्याजा."

*

डॉक्टरांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. मग काय विचारता! पुढच्या गुरुवारी मेल गाडीची पॅसेंजर झाली. प्रत्येक रोग्याला खुर्चीवर बसवून आधी, "तुम्ही काम काय करता?" धोब्याला धोब्याचं उदाहरण, सुताराला सुताराचं. मोठ्या खुशीत होते. मी आणि बाबू रांगेत बसून ऐकत होतो.

एक म्हातारा आला. त्यालाही सुई सुरू करायची होती. डॉक्टर हसतमुख. "बाबा, काम काय करता?"

"सायकलचे पंक्चर काढतो."

डॉक्टर सुईकडे पाहतात, म्हाताऱ्याकडे पाहतात. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "आता तुम्हीच सांगा, यांना मी काय सांगू?"

*

पाय राहिला. करंगळी मात्र गेली. ज्या दिवशी काढली, त्या दिवशी आम्ही सगळे बाहेर व्हरांड्यात. बाबूंनी एकच वर्तमानपत्र चारदा वाचलं, त्यातही एकदा उलटं. अनसूयाबाई जपमाळेसारखं पदराचं टोक ओढत होत्या. डॉक्टर कुठवर कापणार, हे त्यांचं त्यांनाही आधी सांगता येत नव्हतं.

शुद्धीवर येऊन देवाजीनं आधी चादरीतून दोन्ही पाय बाहेर काढून बोटं मोजली.

"दहात एक गेलं," म्हणाला. "एवढी घट तं चांगल्या मालात बी निघते!"

*

आता शेवटचा सांगतो.

तीन महिन्यांनी मृग बहाराची संत्री वखारीत यायला लागली. देवाजी कामावर आला. पायात कॅनव्हासचे नवे बूट. डॉक्टरांनी त्याला, वहिनीला, मला आणि बाबूंना एकेकाला वेगळं बसवून सांगितलं होतं, आणि प्रत्येकाकडून परत वदवून घेतलं होतं: अनवाणी एक पाऊल नाही. पाय बधिर आहे. पुन्हा लागलं तर कळणार नाही, आणि या खेपेला गुडघ्यातूनच जाईल.

समोर तणसावर माल पसरलेला. बाया ओळीनं बसलेल्या. देवाजी काठाशी येऊन उभा राहिला. दारात गिरजावहिनी डबा धरून उभी, घरी जायचं नाव नाही.

मी हातोडा ठेवला. "ये ना गा!"

तो हलेना. माल निवडायचा तर मालात जायला पाहिजे. मालात जायचं तर बूट काढायला पाहिजे. दुसरं काम त्याला येत नव्हतं. तीस वर्षं त्यानं दुसरं काही केलंच नव्हतं.

बाबू हळूच म्हणाले, "शेठना विचारू या."

देवाजी म्हणाला, "विचाराचं काय त्यात? मालावर जोडा म्या कधी ठेवला नाही." आणि तो खाली बसला. बुटाची नाडी सोडायला लागला. एक नाडी सुटली. वहिनीनं डबा खाली ठेवला. मी ओरडणार होतो, पण माझ्या ओरडण्यावर त्या वखारीत कोण विश्वास ठेवणार!

तेवढ्यात अनसूयाबाई उठल्या. हातात खराटा होता, तो भिंतीला टेकवला. मालातून निघून सरळ बाहेर गेल्या, दाराशी काढलेल्या आपल्या चपला पायात घातल्या आणि तशाच आत आल्या. तणसावरून, माल पसरलेल्या जागेतून, चपला वाजवत, आपल्या जागेवर जाऊन बसल्या. एक संत्रं उचललं, पाहिलं, टोपलीत टाकलं.

एकाही बाईचा हात चालेना.

"देवाजी," त्या मान वर न करता म्हणाल्या, "नाडी बांध, आन् ये इकडं. माल पडून राहिला."

देवाजीनं नाडी बांधली. पण पाऊल उचलायच्या आधीच दारात शेठ उभे! आपले जोडे काढत होते. एक काढला, दुसरा काढला, आणि मान वर केली. अनसूयाबाईंच्या पायांकडे पाहिलं. देवाजीच्या बुटांकडे पाहिलं. दारातल्या वहिनीकडे पाहिलं. बाबूंचा ब्रश डब्यातच राहिला.

शेठ अनवाणी चालत मालातून अनसूयाबाईंपाशी गेले. वाकून त्यांच्या चपलांकडे नीट पाहिलं.

"बाई, पट्टा तुटत आला तुमचा," शेठ म्हणाले. "आजच शिवून घ्या. पायाले लागन."